एक साउंड कार्ड, तीन प्रोग्रॅम आणि आजी

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या माणसाला नातेवाईक दोनच प्रश्न विचारतात. प्रिंटर का चालत नाही आणि कंप्युटरचा आवाज का येत नाही. प्रिंटरच्या वाटेला मी जात नाही. आवाजाचं मात्र बरंचसं फोनवरून सुटतं, म्हणून गेल्या रविवारचा किस्सा इथे लिहून ठेवतो. कुणाला तरी उपयोगी पडेल.

आमची आजी धुळ्याची. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सध्या जळगावला ताईकडे आहे. ताईच्या डेस्कटॉपवर जुन्या कॅसेटवरून उतरवलेली काही गाणी आहेत. आजीची धाकटी बहीण त्यात कानबाईची गाणी म्हणतेय, सगळी अहिराणीत. (खान्देशाबाहेरच्या मंडळींसाठी: कानबाई म्हणजे श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघरी बसवतात ती देवी.) ती मावशीआजी आता नाही. कॅसेट इतकी घासलेली की निम्मे शब्द लागत नाहीत. ते आता घरात फक्त आजीलाच माहीत आहेत.

बेत असा होता. ताईने गाणं लावायचं, आजीने एकेका कडव्याचे शब्द आणि अर्थ सांगायचा, मामाने धुळ्याहून व्हिडिओ कॉलवर प्रश्न विचारायचे आणि हे सगळं त्याच मशीनवर रेकॉर्ड करायचं. मी पुण्यात, ताईच्या फोनवर. म्हणजे प्लेअर, कॉल आणि रेकॉर्डर. प्रोग्रॅम तीन, साउंड कार्ड एक.

कॉल लागला आणि गाणं एकदम बारीक झालं. ताईने रेकॉर्डर सुरू केला, तर मामाला जळगावचं काहीच ऐकू येईना. तो तिकडून ओरडतोय, "मना आवाज येस का?" आणि आजी इकडून, "येस, येस!" दाजी मूळचे साताऱ्याचे, त्यांना वाटलं आजी इंग्रजीत बोलतेय. (अहिराणीत 'येस' म्हणजे 'येतो' :) ) मग दाजींनी नेहमीचा उपाय सुचवला, "फॉर्मॅट मारून बघू का?" म्हटलं, दाजी, तुम्ही आधी चहा घ्या.

कारण मशीनमध्ये बिघाड काहीच नव्हता. दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी घडत होत्या.

पहिली, गाणं बारीक होण्याची. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, एक सोय आहे. कॉल सुरू झाला की बाकीच्या प्रोग्रॅमचा आवाज आपोआप ८० टक्क्यांनी कमी करायचा. ऑफिसात ही चांगलीच सोय आहे, पण आम्हाला नेमकं उलटं हवं होतं. साउंडच्या जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'कम्युनिकेशन्स' नावाचा टॅब आहे, तिथे 'डू नथिंग' निवडलं. गाणं परत आलं.

दुसरी, माइकची. व्हिस्टापासून प्रोग्रॅमला आवाजाचं डिव्हाइस दोन प्रकारे मागता येतं. 'शेअर्ड' मागितलं तर सगळ्यांना ते एकत्र वापरता येतं, मिसळण्याचं काम विंडोज करतं. 'एक्सक्लुझिव्ह' मागितलं तर एकच प्रोग्रॅम ते ताब्यात घेतो आणि बाकीचे दाराबाहेर. स्टुडिओवाल्यांना हे सोयीचं, कारण आवाज मध्ये कुणाचा हात न लागता मिळतो. ताईच्या रेकॉर्डरमध्ये हाच पर्याय चालू होता. माइकच्या प्रॉपर्टीजमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड' टॅबवर एक्सक्लुझिव्ह कंट्रोलची टिक असते. ती काढली, तिन्ही प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडले आणि मामा ताळ्यावर आला.

लिनक्सवाल्यांनी हसू नये. तुमच्याकडे एके काळी एका प्रोग्रॅमने साउंड कार्ड उघडलं की बऱ्याचदा दुसऱ्याला 'डिव्हाइस बिझी' असं उत्तर मिळायचं. २००७ च्या फेडोरा ८ मध्ये पल्सऑडिओ डीफॉल्ट झालं, २०२१ च्या फेडोरा ३४ मध्ये त्याची जागा पाइपवायरने घेतली. काम तेच, सगळ्यांचे आवाज एकत्र करून कार्डाला देणं.

तुमच्यावर अशी वेळ आली तर एका वेळी एकच प्रोग्रॅम चालवून बघा. एकटा नीट चालतोय? मग कार्ड आणि ड्रायव्हर बहुतेक ठीक आहेत. दुसरा सुरू केल्यावर पहिला गप्प झाला, तर भांडण त्या दोघांचं आहे. ड्रायव्हर पुन्हा टाकून ते सहसा मिटत नाही. आणि अशा कामाला ब्लूटूथ हेडफोनचा माइक शक्यतो नको. माइक चालू झाला की बरेच हेडफोन फोनच्या मोडमध्ये जातात आणि गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटतं. सरळ वायरचा माइक लावा.

असो. या सगळ्यात पंचवीस मिनिटं गेली. आम्ही टिक शोधत होतो तेवढ्यात आजीने पहिल्या कडव्याचा अर्थ ताईला सांगूनही टाकला होता, अगदी लहानपणच्या गोष्टीसकट. रेकॉर्डर नीट चालू झाल्यावर पुन्हा विचारलं, तर म्हणाली, सांगितलं ना एकदा. मग दोन वाक्यांत उरकलं. गोष्ट आलीच नाही. पुढची कडवी मात्र सगळी नीट मिळाली.

अजून तीन गाणी बाकी आहेत, ती येत्या रविवारी. तिन्ही प्रोग्रॅम लावून अर्धा मिनिट रेकॉर्ड करायचं, ते ऐकायचं आणि मगच आजीला खुर्चीवर बसवायचं, असं ताईला सांगून ठेवलंय. शिवाय दाजींचा फोन शेजारी रेकॉर्डिंगला ठेवायचा. तेवढा वेळ त्यांना फॉर्मॅट आठवणार नाही.