बिबडीचं पाणी

मांजर पिल्लांना सात घरं दाखवतं म्हणतात. जळगावचं आमचं घर त्यातलं कितवं होतं कोण जाणे, पण त्या मांजरीने बाकीची पिल्लं पुढच्या घरी नेली आणि एक आमच्या गच्चीवरच राहू दिलं. दिवस बिबड्यांचे, म्हणजे ज्वारीचे पापड घालण्याचे होते. जुन्या धोतरांवर ज्वारीचे ओले बिबडे घातलेले, आणि पिल्लू त्यांवर पावलं उमटवत या टोकाहून त्या टोकाला गेलं होतं. आईने ते बिबडे बाजूला काढले, जिजीने पिल्लू उचललं, नाव आपसूक पडलं, बिबडी. अंगावर पांढरा, काळा नि तांबडा असे तीन रंग. तीनरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. काळा आणि तांबडा एकाच अंगावर उतरायला दोन एक्स गुणसूत्रं लागतात, हे मी पुढे वाचलं. जिजीने मात्र लांबूनच सांगून टाकलं होतं, "बाई शे ती."

जिजी म्हणजे माझी आजी, धुळे जिल्ह्यातल्या साक्रीकडची. तिच्या माहेरी मांजर लाडाचं नव्हतं, कामाचं होतं. कणगीत दाणे होते म्हणून घरात मांजर होतं. प्लेगात गाव सोडून रानात झोपड्या घातल्याच्या गोष्टी तिने लहानपणी ऐकलेल्या, आणि त्यांतही मांजर असायचंच. शेजारच्या वऱ्हाडात, अमरावतीला सिव्हिल सर्जन असलेल्या अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी १९०८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहून मांजरांची वकिली केली होती: जिथे मांजरं भरपूर तिथे उंदीर कमी, आणि उंदीर कमी तिथे प्लेग कमी. मांजरालाही प्लेग होतो, म्हणजे वकिली थोडी एकतर्फीच. जिजीला ब्यूकॅननची गरज नव्हती. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर दान द्यावं लागतं, एवढं तिला पुरे होतं. जळगावच्या सराफ बाजारातले भाव पाहता हा धाक आमच्या गावात तरी बराच चालत असणार.

पहिला पेच खाण्याचा. जिजी माळकरी, मुक्ताईच्या वारीला जाणारी. तिच्या मते मांजराचं जेवण म्हणजे दूध-भाकरी. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी लस टोचता टोचता समजावलं, की मोठ्या मांजराला बहुधा दूध पचत नाही, पोट बिघडतं. आणि टॉरिन नावाचा एक घटक त्याला मांसातूनच मिळतो, तो नसेल तर डोळे जातात, हृदय ढिलं पडतं. घरी येताना आई गप्पच होती. माळकऱ्याच्या घरात कोंबडी शिजवायची कुठे? तोड जिजीनेच काढली. मागच्या पडवीत वेगळा स्टोव्ह, वेगळं पातेलं, हात धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात पाय नाही. एकादशीला कुणीतरी तिला छेडलं, तर म्हणाली, "तिना गळामा कोठे माळ शे?"

मात्र कोंबडी बिनमसाल्याची. खान्देशी रश्श्याला मांजर कितीही घुटमळलं तरी तो द्यायचा नाही, कारण कांदा-लसणाने त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. फरशीला फिनाईल लावणंही बंद झालं. मांजर ओल्या फरशीवरून चालतं, मग पंजे चाटतं, आणि ते विष निकामी करायची ताकद त्याच्या यकृतात नसते. पॅरासिटामॉलचंही तेच, माणसाची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. आईला फिनाईलच्या वासाशिवाय घर पुसल्यासारखं वाटायचं नाही, तरी तिने ते सोडलं. नसबंदीची शस्त्रक्रिया सहाव्या महिन्याच्या आसपास उरकली. त्यावरही वाद झाला, पण तो सांगण्याजोगा नाही. सगळ्या घरांत होतो तसाच.

खरी रोजची सेवा होती ती पाण्याची. मांजराचे पूर्वज आफ्रिकेच्या आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या रानातले. उंदराच्या अंगातच इतकं पाणी असतं की त्यांचं त्यावर बरंच भागायचं, त्यामुळे तहान लागण्याची खोडच या जातीला कमी. असं जनावर जळगावच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, पाण्याच्या वाटीकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याच्या अंगाचं तापमान असतं साधारण ३८ ते ३९ अंश, म्हणजे बाहेरची हवा त्याहून तापलेली. घाम येतो फक्त तळपायांना. बाकी थंडावा अंग चाटून मिळेल तेवढा.

बिबडीने स्वतःचे पाणवठे ठरवले होते. जेवणाशेजारची वाटी नामंजूर. माठातून झिरपणारा थेंब मंजूर. माठाखालची ओली वाळू तर इतकी मंजूर, की तिने तिथेच शौचाची सोय केली. मग माठाखालची वाळू कायमची गेली आणि न्हाणीशेजारी वाळूचं घमेलं आलं, रोज सकाळी चाळायचं. वाघूर धरणाचं पाणी नळाला रोज येत नसे. ज्या दिवशी येई त्या दिवशी घरात हंडे-कळशांची धांदल, आणि बिबडी नळाच्या तोंडाशी. वाहतं पाणी तिला चाले. तिचं पिऊन होईपर्यंत हंडा लावायचा नाही, असा दंडकच पडला. शेजारणींना वाटायचं, या लोकांना मांजराचं वेड लागलंय. तसं थोडं होतंच. बाकी पाणी आम्ही चोरून पोटात घालत असू: शिजवलेल्या कोंबडीतच ते वाढवायचं, बिनमिठाचं, पातळ.

दुपारी ती कूलरपुढे. त्याच्या ओल्या गवताच्या वासाचं तिला अप्रूप होतं. वीज गेली की जिजी गोणपाट भिजवून फरशीवर टाकी आणि ओल्या फडक्याने तिचे कान नि पंजे पुसे. कुत्रं जीभ काढून धापा टाकतं त्यात काळजीचं काही नसतं. मांजराने तोंड उघडून श्वास घेतला की मात्र दवाखाना गाठायचा. असं दोन उन्हाळ्यांत झालं, दोन्ही वेळा निभावलं.

म्हातारपणी एक दिवस बिबडी त्या नामंजूर वाटीतलं पाणी प्यायला लागली. वाटी भरावी, तिने रिकामी करावी. आम्ही सगळे खूश. इतक्या वर्षांची विनवणी फळाला आली म्हणायची. जिजी एकटी खूश नव्हती. पाठीचे मणके हाताला लागतात, घमेल्यातली वाळू दुप्पट ओली होते, हे तिने बघून ठेवलं होतं. रक्त तपासलं, क्रिएटिनिन वाढलेलं. मूत्रपिंडं जवळजवळ पाऊण निकामी झाल्यावरच रक्तात ते दिसतं, तोवर मांजर काही कळू देत नाही. दुखणं दाखवणारं जनावर रानात टिकत नाही, म्हणून लपवायची ही सवय. निकामी मूत्रपिंडातून पाणी नुसतं वाहून जातं, आणि ते भरून काढायला ती पीत होती.

मग सलाईन घरीच सुरू झालं. दोन खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत धरून सुई तिच्याखाली सरकवायची, पाणी तिथे उशीसारखं साठतं आणि सावकाश अंगात मुरतं. बाटली टांगायला भिंतीवरच्या 'कालनिर्णय'चा खिळा. सलाईन कोमट करून द्यावं असं डॉक्टर सांगतात. जळगावात उन्हाळाभर उलटं करावं लागलं, कपाटातून काढलेली तापलेली बाटली आधी माठाच्या ओल्या फडक्यात गुंडाळून निववायची. धरायला जिजी. डोळे अधू झालेले, पण हातातली पकड शाबूत. "उगी ऱ्हाय व माय," म्हणत ती बसे, आणि बिबडी तिच्या मांडीवर खरंच उगी राही. मी धरलं की ओरबाडायची.

पोळ्याच्या आधल्या आठवड्यात ती गेली. परसातल्या कडुनिंबाखाली खड्डा बराच खोल खणला, कुत्र्यांच्या भीतीने. न फोडलेल्या सलाईनच्या बाटल्या डॉक्टरांकडे परत केल्या. मूत्रपिंडाच्या आजारासाठीचं, कमी फॉस्फरसचं, महागडं खाणं उरलं होतं. ते वाया जाऊ नये म्हणून आईने शेजारच्या बोक्यापुढे ठेवलं. त्याने हुंगलं, पुरून टाकावं तशी पुढच्या पंजाने त्याच्याभोवतीची फरशी खरवडली आणि निघून गेला. आईला राग आला, पैशांचा. जिजीने बशी नाकाशी नेली, वास घेतला आणि म्हणाली, "मी भी नसतं खादं."