शिरा राखणारी

मोताळ्याहून बुलढाण्याकडे निघालं की राजूर घाट लागतो. दोन्ही अंगांना साग. कीड जोरात असली तर भाद्रपद-आश्विनात हा साग तपकिरी पडतो, वणवा फिरून गेल्यासारखा. ‘सागाले कीड लागली,’ एवढं बोलून माणसं पुढे जातात. ही कीड म्हणजे कोण, हे मात्र पान हातात घेतल्यावर कळतं.

तिचं शास्त्रीय नाव युटेक्टोना मॅखेरॅलिस. पंख पसरले तरी दोन-अडीच सेंटिमीटर भरेल एवढासा पतंग. पिवळ्या पंखांवर तांबूस-गुलाबी नागमोडी रेषा. मादी रात्री पानांवर एकेक अंडं घालत फिरते. अशी अडीचशेच्या आसपास अंडी ती घालते. त्यातून निघालेली हिरवट अळी आधी रेशमाचं विरळ जाळं विणते आणि त्याच्या आडोशाने खायला बसते. धक्का लागला की सळसळत निसटते.

तिचं खाणं मोठं नेमकं. दोन शिरांमधला मऊ हिरवा गर तेवढा ती संपवते. बारीकातली बारीक शीरसुद्धा शिल्लक ठेवते. पान फांदीवरच राहतं, पण त्यातून पलीकडचं आभाळ दिसतं. पावसाच्या सुरुवातीला सागाची कोवळी पानं फस्त करणारी हायब्लिया प्युएराची अळी मुख्य शिरांपलीकडे फारसं काही ठेवत नाही. ही मात्र निबर पानांवर येते, सागाची वर्षाची वाढ बरीचशी उरकल्यावर. थंडीनंतर ती पानं गळायचीच असतात. म्हणून लाकडाची वाढ थोडी मागे पडली तरी मोठं झाड मरत नाही. खरी झळ रोपवाटिकेला आणि कोवळ्या लागवडीला बसते.

तिच्यावर जगणारेही पुष्कळ आहेत. बारीक परोपजीवी गांधीलमाश्या तिच्या अंगात अंडी घालतात. मुंग्या तिला ओढून नेतात. पाखरं पिल्लांसाठी तिला वेचतात. गळालेल्या पानात कोष करून ती वाईट दिवस काढते, आणि त्याच पाचोळ्यात तिचे शत्रूही दबा धरून असतात.

म्हणून घाटातला साग तपकिरी दिसला की फवारणीची घाई करू नये, पाचोळाही पेटवू नये. त्या विषाने आणि आगीने अळीबरोबर तिला आवरणारेही मरतात. पुढच्या पावसात साग आपसूक पालवतो.