झेंड्याकडून टीकडे

चि. मंदार,

सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर उतरण्याआधी तुला अठराही होल्सचा तक्ता हवा आहे: टीवरून कोणता क्लब, नेम कशावर धरायचा, पुढे किती यार्ड उरतात. असा तक्ता यार्डेज बुकात छापलेला मिळतो; तो खिशात ठेवच. पण टीपासून सुरू होणारा तक्ता या कोर्सवर अर्धाच खरा असतो, असं माझं मत आहे. येरवड्याच्या कोर्सवर दोन्ही बाजूंना झाडं, त्यामुळे चेंडू फेअरवेवर ठेवला की निम्मं काम झालं. इथे झाडं नाहीत. पहिल्या आणि अठराव्या होलचा सामाईक फेअरवे इतका ऐसपैस आहे की तो चुकवायला कसब लागतं. (१९९१चा ओपन विजेता इयन बेकर-फिंच याने १९९५च्या इथल्या ओपनमध्ये पहिल्याच टीवरून चेंडू डावीकडे हद्दीबाहेर घालवून तेही करून दाखवलं.) फेअरवे चुकण्याची भीती एवढी कमी असेल, तर मग अडचण कुठे आहे? ती ग्रीनपाशी आहे. म्हणून प्रत्येक होल उलटा वाचावा: आधी झेंडा, मग ग्रीनचा उतार आणि पुढचा बंकर, मग चेंडू कुठल्या बाजूने लोळत आला तर थांबेल ते, आणि सगळ्यात शेवटी टी.

हे वाचन इथे का लागू पडतं, ते ग्रीन्सकडे पाहून कळतं. अठरापैकी फक्त चार होल्सना, म्हणजे पहिला, नववा, सतरावा आणि अठरावा यांना, स्वतंत्र ग्रीन आहे. बाकीच्या चौदांना मिळून सात जोडग्रीन्स आहेत आणि प्रत्येक जोडीच्या आकड्यांची बेरीज अठरा येते: दुसरा-सोळावा, तिसरा-पंधरावा, असं पुढे. जाताना पांढरा झेंडा तुझा, येताना लाल. ही ग्रीन्स इतकी प्रचंड आहेत की झेंडा डावीकडून उजवीकडे हलला की कालचा होल आज वेगळाच होतो, आणि छापील तक्त्याला ते माहीत नसतं. त्यातून ११२ बंकर्स, त्यांतले कितीतरी टीवरून दिसतच नाहीत. बाराव्या होलवर समोर निवांत गवत दिसतं, आणि त्यात खड्डे दबा धरून बसलेले असतात. पूर्वी हा कोर्स उलट दिशेनेही खेळला जाई. तिकडून आलेल्या माणसाला ते स्पष्ट दिसत.

कॅडी तुला जवळपास प्रत्येक टीवर एकच सांगेल: डावीकडे मार. त्याचं चूक नाही. जाताना आणि येतानाही तुझ्या उजवीकडे काटेरी गॉर्सची झुडपं किंवा हद्द असते, आणि डावीकडे शेजारच्या होलचा फेअरवे मोकळा. पण या सुरक्षिततेचं भाडं पुढच्या फटक्यात भरावं लागतं. सोळावा घे. मध्यावर प्रिन्सिपल्स नोज हा बंकरांचा पुंजका, त्याच्या उजवीकडे जुन्या रेल्वेची हद्द, मध्ये चिंचोळी पट्टी. डावीकडून गेलास तर टीवर काही बिघडत नाही. मात्र तिथून ग्रीनकडे वळताना डाव्या कडेचा विग बंकर वाटेत येतो. उजव्या पट्टीतून आलेल्याला ग्रीन उघडं मिळतं. मग धोका पत्करायचा का? झेंडा डावीकडे बंकरामागे असेल तर विचार कर. उजवीकडे असेल तर कॅडीचं मुकाट्याने ऐक.

यावर तू आकडेवारी पुढे करशील, ते मी गृहीत धरतो. कोलंबिया विद्यापीठाच्या मार्क ब्रॉडी यांच्या ‘स्ट्रोक्स गेन्ड’ पद्धतीने खेळाचं गणित बदललं, आणि त्या वळणाचे आजचे प्रशिक्षक सांगतात की ग्रीनकडे येण्याच्या कोनाबिनाच्या फंदात पडू नका, जमेल तितकं लांब मारा, पुढचा फटका छोटा ठेवा. चेंडू उंचावरून पडून जिथल्या तिथे थांबतो, अशा ओलसर ग्रीन्सवर मला ते मान्य आहे. सेंट अँड्र्यूजची जमीन समुद्रकाठची, वाळूवरची. कोरड्या दिवसांत ती फरशीसारखी टणक होते, वर वारा. तुझा सहा नंबरचा आयर्न पडल्यावर किती लोळेल आणि कुठल्या उतारावरून लोळेल, यावर सगळं ठरतं. आदल्या रात्री पाऊस झाला असेल, तर मात्र माझं पत्र बाजूला ठेव आणि प्रशिक्षकांचं ऐक. टायगर वूड्सने २०००च्या ओपनमध्ये नुसत्या ताकदीवर कोर्स नमवला, असंही म्हणतात. त्याची लांबी कामी आली हे खरंच, पण ७२ होल्समध्ये तो एकाही बंकरात गेला नाही, आणि हे केवळ दंडाच्या जोरावर होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त रास्त आहे: सोळा हँडिकॅपच्या माणसाने बाजू निवडायची कशी, चेंडू तिथे जायला तर हवा! खरं आहे. म्हणून तू बाजू निवडू नकोस, चूक निवड. चौदावा त्यासाठीच पाहा. उजवीकडे दगडी भिंत, तीच हद्द. डावीकडे बिअर्डीज बंकर्स. मध्ये एलिझियन फील्ड्स हा गवताचा सुखद पट्टा. आणि पुढे ग्रीनच्या अलीकडे हेल बंकर. आर्किटेक्ट अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी याने याच होलचं चित्र काढून त्यावर खेळायच्या चार वाटा दाखवल्या होत्या. १९९५च्या ओपनमध्ये जॅक निकलॉस हेलमध्ये अडकला आणि इथे त्याचे दहा फटके झाले. तुझ्यासाठी वाट एकच: दुसरा फटका डावीकडे पाचव्याच्या फेअरवेवर, हेलला वळसा घालून. तिसरा मोठा उरतो, कोनही फारसा चांगला नाही, पण तिकडची चूक एका फटक्यात भागते. ग्रीनच्या पुढे चढ आणि मग मागे उतार आहे, तेव्हा चेंडू अलीकडे टेकवून वर चढू दे.

सतरावा माझ्याच सिद्धांताची परीक्षा घेतो. ग्रीन लांबट, तिरकं. पुढे रोड बंकर, मागे रस्ता आणि भिंत, आणि रस्त्यावरून चेंडू उचलायची सवलत नाही. टीच्या उजवीकडच्या हॉटेलच्या कोपऱ्यावरून मारलं तर कोन उत्तम मिळतो. १९८४च्या ओपनमध्ये टॉम वॉटसन अशाच चांगल्या जागी होता. दोन नंबरच्या आयर्नने चेंडू रस्त्यापलीकडे भिंतीशी गेला आणि बोगी झाली. सेव्ह बाल्लेस्टेरोस डावीकडच्या रफमध्ये होता, त्याने सहा नंबरच्या आयर्नने ग्रीन गाठून पार केला आणि तो जिंकला. म्हणजे कोन निरुपयोगी? मला तसं वाटत नाही. या ग्रीनवर कमी पडणं परवडतं, जास्त जाणं परवडत नाही, आणि हेही झेंड्याकडूनच वाचायचं असतं. २०२२मध्ये कॅमेरॉन स्मिथचा दुसरा फटका बंकराच्या डावीकडे अलीकडेच राहिला. त्याने हिरोगिरी न करता पटरने चेंडू बंकराला वळसा घालून चढवला आणि पार वाचवला. उलट १९७८मध्ये त्सुनेयुकी नाकाजिमा ग्रीनवर पोचूनसुद्धा पट मारताना बंकरात उतरला आणि नऊ करून बाहेर पडला. तू इथे पाच लिहून ठेव, तेही आनंदाने.

बाकी कोर्स परत फिरतो त्या वळणावर फार डोकं खपवू नकोस. अकराव्याला ग्रीन पुढे उतरतं, स्ट्रॅथ आणि हिल बंकर्स दबून आहेत, म्हणून झेंड्याच्या खालीच राहा. पाचव्याला ग्रीनपुढच्या खोलगटाला फसू नकोस, एक क्लब जास्त घे. पहिल्याला स्विल्कन ओढा ग्रीनला अगदी लागून आहे, तिथेही तेच. अठराव्याला डावीकडे मार, आणि चेंडू ग्रीनपुढच्या व्हॅली ऑफ सिन या खोलगटात अडकला तर वेज काढू नकोस. १९९५मध्ये कोस्टांटिनो रोक्का याने तिथे चिप फसवली, आणि मग त्याच खड्ड्यातून पटरने चेंडू होलमध्ये घातला.

तुझा,
सुधीरमामा