बरणीतले आगर

खोट्या फुलांविषयी चारचौघांत बरे बोलण्याची आपल्याकडे पद्धत नाही. एखाद्याला ‘कागदी फूल’ म्हटले, की त्याची किंमत संपली! आणि तरीही गौरी आल्या, की याच कागदी फुलांवाचून आमच्या घरी आरास पुरी होत नाही. दिवाळीत मुलांच्या किल्ल्यावर पेरलेले अहळीव तेवढे खरे. बाकी तळे आरशाचे आणि मावळे मातीचे. त्या किल्ल्यापुढे उभे राहून “हे तळे खोटे आहे हो,” असे म्हणणारा गृहस्थ मी तरी अजून पाहिलेला नाही. तेव्हा यंदा मी लोणच्याच्या बरणीत एक संपूर्ण खोटी बाग कशी केली, ते सांगायला मला मुळीच संकोच वाटत नाही.

काचेच्या बंद भांड्यात झाडे ठेवण्याची कल्पना तशी जुनी. लंडनमध्ये नॅथॅनियल वॉर्ड नावाचे एक डॉक्टर होते. १८२९ साली त्यांनी एका बंद बाटलीत ओल्या मातीत पतंगाचा कोश ठेवला. काही दिवसांनी पाहतात तो पतंग राहिला बाजूला, मातीतून नेच्याचे रोप आणि गवत वर आलेले! आतल्या पाण्याची वाफ होई, ती काचेवर जमे आणि पुन्हा मातीत उतरे. वरून पाणी घालायला नकोच. पुढे असल्या काचपेट्यांतून झाडे सातासमुद्रांपार जाऊ लागली. १८५० च्या सुमारास चीनमधली चहाची रोपे रॉबर्ट फॉर्च्यून यांनी हिंदुस्थानात पाठवली, ती अशाच पेट्यांतून. आज अशा बरणीला टेरॅरियम म्हणतात, आणि दुकानात तिची किंमत ऐकली की आपण नुसते पाहूनच परततो.

पण आम्ही खरी झाडे लावली नाहीत, ती काही पैशांकरिता नव्हे. एक तर पाणी मागत नसली तरी त्या झाडांना उजेड लागतो, आणि डोंबिवलीतल्या आमच्या आतल्या खोलीची खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. दुसरे कारण म्हणजे आई.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय ८३. तीन वर्षांपासून त्यांना विसर पडू लागला आहे. स्मृतिभ्रंश, असे डॉक्टरांनी सांगितले. सकाळी जेवल्या की नाही ते त्यांना दुपारी आठवत नाही, पण झाडांना पाणी घालायचे आहे हे मात्र नेमके आठवते. आणि घातलेले आठवत नाही! गुहागर हे त्यांचे माहेर. तिथे नारळी-पोफळीचे आगर, आणि आगराला रोजचे शिंपणे. ते शिंपणे त्यांच्या हातांत मुरलेले. गॅलरीतल्या तुळशीला दिवसातून दहा-बारा वेळा तांब्या रिता व्हायचा. मुळे कुजून वर्षात तीन तुळशी गेल्या. तुळस जाण्याचे दुःख एकदा करून भागले असते, पण त्या दर वेळी गॅलरीत जात, वाळलेल्या काड्या पाहत आणि नव्याने विचारत, “हे माझ्या हातून मेलं का गं?” एका दिवसात हा प्रश्न मी पाच वेळा ऐकलेला आहे. त्याला उत्तर काय द्यायचे?

बरणीची युक्ती धाकटीची. ह्यांना ती पसंत नव्हती. “आईला खोटी झाडं द्यायची? फसवायचं तिला?” असे म्हणून हे दोन दिवस गप्प होते. माझ्याही मनात ते होतेच. पण मी कामाला लागले.

बरणी रुंद तोंडाची हवी, हात आत गेला पाहिजे. ती धुऊन दोन दिवस उन्हात चांगली वाळवायची, कारण आत ओल राहिली तर काच धुरकट होते. तळाशी बोटभर बारीक खडी. तिच्यावर गणपतीच्या वेळचा उरलेला शाडू भिजवून थापायचा. त्यात झाडाची काडी खुपसली की ती ताठ उभी राहते. शाडू वाळताना तडकतो, पण घाबरू नये, तडा वाळूखाली झाकला जातो. मात्र तो पुरता वाळेपर्यंत, आठ-दहा दिवस तरी, झाकण लावायचे नाही. पाने मुद्दाम नवी आणू नयेत. प्लॅस्टिक कुजत नाही, मग घरात आहे तेच आधी वापरावे! दारावरचे जुने तोरण मी उसवले. नेच्याच्या पानांची शेंडे कापून गोलाकार बांधली, तर हुबेहूब माडाच्या झावळ्या दिसतात. खोडाला काथ्या गुंडाळला. पोफळीसाठी खराट्याचे हीर, सडसडीत आणि सरळ. प्लॅस्टिकची चमक डोळ्यांत खुपते. तिच्यावर गेरूची चिमूटभर पूड ब्रशाने फिरवली, की पानाला रस्त्याकडेच्या झाडाची कळा येते. वाळू, डिंक आणि एक ब्रश मिळून खर्च १४० रुपये.

वाळू पसरायच्या आधीच आई येऊन शेजारी बसल्या. एक पान उचलले, बोटांत चुरडले, नाकाशी नेले. “वास नाही. खोटं आहे हे.” ह्यांनी माझ्याकडे पाहिले. मी “हो आई, खोटंच आहे,” म्हटले. त्या क्षणभर थांबल्या आणि मग म्हणाल्या, “असूं दे. पण अगो, पोफळी इतक्या चिकटून लावतात होय?”

पुढचे आगर त्यांनी लावले. मी नुसती हात पुरवीत होते. सकाळचे जेवण न आठवणाऱ्या आईंना मांगराची पायरी कुठे, पाटाला वळण कुठे, सारे पाठ होते. जुने शेवटपर्यंत टिकते आणि नवे आधी जाते, असे या आजाराबद्दल सांगतात. त्या दुपारी मी ते पाहिले. विहिरीला औषधाच्या बाटलीचे झाकण चालले, पाटाला चॉकलेटचा चांदीचा कागद. विहीर मी डावीकडे ठेवली होती, ती त्यांनी उचलून उजवीकडे नेली. “रहाट इथनं ऐकू यायचा,” म्हणाल्या. हे मुकाट्याने उठले आणि पाटासाठी आणखी चांदीचा कागद शोधून घेऊन आले.

मला धास्ती होती ती निराळीच. आई आता या बरणीतही पाणी ओतणार! त्या भीतीने मी झाकण घट्ट लावून ठेवले. पण चार महिने झाले, एक थेंबही पडलेला नाही. एकदा मीच मुद्दाम विचारले, तर त्या माझ्यावरच रागावल्या. “बरणीला ओला हात लावतात का कधी? नासेल ना सगळं!” शिंपण्याहून लोणच्याची शिस्त खोल रुजलेली निघाली. हे मला कोणत्याही डॉक्टरने सांगितले नसते.

तुळस अर्थात आहेच. तिच्यावाचून घर कसे चालेल? तिच्याजवळचा तांब्या काढून मी पंचपात्र ठेवले आहे. दहा वेळा घातले तरी होऊन होऊन किती पाणी होणार! ही चौथी तुळस अजून तग धरून आहे. संध्याकाळी दिवा लागला, की आई बरणी जवळ ओढतात आणि काचेवरून बोट फिरवीत पाटाचे पाणी एकेका पोफळीला पोचवतात. एखाद्या दिवशी बोट मध्येच थांबते, आणि समोर बसलेल्या मलाच त्या विचारतात, “तू कोणाची गं?” मी नाव सांगते. बोट पुन्हा चालू लागते.

आईंच्या धाकट्या बहिणीला, पुण्याच्या मावशींना, ही हकीकत कळली आहे. त्यांनी भाच्याबरोबर कॉफीची एक मोठी रिकामी बाटली पाठवली, आणि सोबत चिठ्ठी. विहीर डावीकडेच होती, असे त्यांचे म्हणणे आहे.