खळ्यातला खांब

आमच्या पिढीने लाइट दोनदा येताना पाहिली. आधी ती घरात आली, मग खळ्यात. घरातल्या लाइटसाठी अर्ज, मीटर, वायरमन असं सगळं बाहेरून यावं लागलं. खळ्यातली लाइट घरच्यांनी स्वतःच्या हातांनी आणली, आणि तिच्यासाठी आधी एक झाड आणावं लागलं. सत्तरच्या दशकात रत्नागिरीकडच्या घरांतून वाढलेली आम्ही भावंडं आजही एकत्र जमलो की घरातला पहिला बल्ब कुणालाच धड आठवत नाही. खळ्यातला खांब मात्र सगळ्यांना आठवतो.

कोयनेची वीज साठच्या दशकाच्या सुरुवातीला तयार होऊ लागली, ती चिपळूण तालुक्यातल्या पोफळीला, सह्याद्रीच्या पोटात. म्हणजे ती जन्मली कोकणातच. पण वाड्यावाड्यांपर्यंत तारा यायला पुढे कितीतरी वर्षं गेली. १९६० साली राज्याचं वीज मंडळ स्थापन झालं, १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ आलं, आणि हळूहळू बोर्डाचे लोखंडी आणि सिमेंटचे खांब डोंगरउतारांवरून खाली यायला लागले. आमच्याकडे शेवटचा खांब पाखाडीच्या तोंडाशी थांबला. तिथून सर्व्हिस वायर पडवीला. माजघरात एक बल्ब, स्वयंपाकघरात एक, पडवीत एक. पडवीच्या पायऱ्या उतरल्या की काळोख पूर्वीइतकाच गडद. उलट, उजेडातून बाहेर पडल्यामुळे जास्तच.

आणि कोकणातल्या घराचा अर्धा संसार त्या पायऱ्यांच्या पलीकडे असतो. विहीर, न्हाणी, गोठा, मांगर, गवताची उडवी, सगळं खळ्याच्या पलीकडे. रात्री म्हैस व्यायला झाली की कंदील घेऊन जायचं. कंदिलाचा उजेड गुडघ्याच्या वर नीट चढत नाही आणि पावलापुढे दोन हातांपलीकडे जात नाही. फुरसं ओळखायला तेवढा पुरत नाही; ते पालापाचोळ्याच्या रंगाचं असतं आणि आकाराने लहान. दूरवर जायचं असेल तर झावळ्यांची चूड पेटवायची. हे सगळं जास्त करून बायकांच्या वाट्याला यायचं. म्हणून खळ्यात लाइट हवी हा आग्रह आमच्याकडे आजीने धरला, आणि तो पुरा होईपर्यंत सोडला नाही. आज घराच्या गोष्टी सांगताना खांब उभा करणाऱ्यांची नावं घेतली जातात, आजीचं राहून जातं. ते मला खटकतं.

लोखंडी पाइप का नको, याचं उत्तर घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कोकणच्या पावसात वायर कुठे सोलवटली तर पाइपला हात लावणाऱ्याला झटका बसणार, आणि खांब म्हटला की पोरं त्याला मिठ्या मारणारच. भिजलेल्या लाकडातूनही वीज थोडी उतरते, पण लोखंडाइतकी नाही. शिवाय पाइपला पैसे पडत. लाकूड घरच्या डोंगरात होतं.

पण कुठलं लाकूड? या प्रश्नावर पडवीत जितका खल झाला तितका घरातल्या एखाद्या लग्नावर झाला नसेल. पोफळ सरळ, हलकी, वाडीतच उभी. पण तिची फक्त साल कठीण, आतला भुसा दोन-चार पावसाळ्यांत जातो. जून माडाचं खोड टिकतं, पण जड, आणि चालता माड कोण तोडणार? किनाऱ्याकडच्या नातेवाइकांनी सुरू सुचवला. सुरूसारखा सरळ सोट खांब दुसरा मिळायचा नाही, पण जमिनीत गाडला की त्याला वाळवी लागते. खैराचा लाल गाभा मातीत पिढी काढतो. पण जाडजूड खैर केव्हाच कातासाठी गेले होते, आणि जे उरले होते ते वाकडे. शेवटी किंजळीवर एकमत झालं. किंजळ उंच वाढते, जड असते, घरांच्या वाशांना वापरतात, आणि आमच्या डोंगरात ती होती. मात्र १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्यात किंजळही येते. तेव्हा आजोबा आधी परवानगीच्या कागदांमागे फिरले. त्यात दिवाळी उलटली, आणि ते बरंच झालं, कारण लाकूड थंडीतच तोडायचं असतं. तेही अंधाऱ्या पंधरवड्यात. चांदण्यात तोडलेल्या लाकडाला भुंगा लागतो असं आमच्याकडे सगळेच मानत. चंद्राचं मला सांगता येणार नाही, पण थंडीत लाकूड सावकाश, न तडकता वाळतं, हे खरं आहे.

तोडलेलं झाड डोंगरावरून खांद्यांवर आलं. साल त्याच दिवशी काढली, कारण किडे सालीखाली घर करतात. मग मांगराच्या सावलीत, दोन दगडांवर टेकवून, खोड पुढच्या शिमग्यापर्यंत वाळत पडलं. अधूनमधून ते फिरवायचं काम आम्हा मुलांचं. वाळल्यावर सुतार आले. वाकसाने गाठी तासल्या, शेंडा तिरका कापून त्यावर पत्र्याची टोपी ठोकली. लाकूड पाणी पितं ते कापलेल्या टोकातून. गिरमिटाने वायरच्या चिनीमातीच्या कपांसाठी आणि चढायच्या खुंट्यांसाठी भोकं पाडली. मग बुडखा पेंढ्याच्या जाळावर फिरवून काळा होईपर्यंत भाजला, त्यावर काजूच्या टरफलांचं तेल चोपडलं आणि वरून डांबर. हेच तेल होड्यांनाही लावतात. अंगाला लागलं तर फोड येतात, म्हणून आम्हाला लांब बसवलं होतं. सुतारांचा सगळा भर बुडख्याच्या एका पट्ट्यावर होता: जमिनीच्या वर वीतभर आणि खाली वीतभर. खांब खोल मातीत कुजत नाही, तिथे हवा नसते. वरही सहसा कुजत नाही, तिथे तो वाळतो. तो कुजतो माती आणि हवा मिळतात तिथे. ही गोष्ट पुढे मला एका इंजिनिअरनेही सांगितली, जवळजवळ याच शब्दांत.

खड्डा किती? लांबीचा सहावा हिस्सा जमिनीत, असं सुतारांचं माप. अठरा फुटांच्या खांबाला तीन फूट. बोर्डाचे खांबही याच हिशेबाने गाडत. पण खळ्याखाली जांभा. टिकावाच्या ठिणग्या उडत. शेवटी पहारीनेच कोरावं लागलं. जागेवरूनही बरीच बोलणी झाली होती. तुळशीवृंदावनासमोर नको, माडाखाली नको, भारे आणण्याच्या वाटेत नको, आणि उजेड ओटीवर झोपणाऱ्यांच्या डोळ्यांवर यायला नको. ही शेवटची अट आजीची. या सगळ्यातून एकच कोपरा उरला, गोठ्याकडचा.

आणि मग उभारणी. वायरमन म्हणाला होता की चेनपुली लागेल. वाडीतल्या लोकांना ती लागली नाही. दर शिमग्याला याहून कितीतरी उंच होळी डोंगरातून खांद्यांवर आणून गावात उभी करणारी हीच माणसं होती. आंबा असो, पोफळ असो, सुरमाड असो, झाड आडवं आणून उभं कसं करायचं हे त्यांच्या हातांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक होतं. कोण बुडख्याशी, कोण दोराला, कोण बांबूंच्या कैच्या घेऊन मागून रेटायला, हे कुणी वाटून दिलं नाही. खड्ड्याच्या एका अंगाला उतार खणला होता, त्यात बुडखा सरकवला. समोरच्या अंगाला फळी उभी केली, म्हणजे बुडखा माती ढासळवणार नाही. काथ्याचे दोर तीन बाजूंना. एक आवाज, एक रेटा, कैची पुढे. पुन्हा आवाज, पुन्हा रेटा. वीज नवी होती, पण तिला उभं करायचं ज्ञान गावाच्या अंगात आधीपासून होतं. खांब ताठ झाला तेव्हा आजोबांनी दोऱ्याला दगड बांधून ओळंबा धरला. मग जांभ्याच्या खापऱ्या आणि माती थराथराने, प्रत्येक थर पहारीने चेचून. वर बाहेरच्या अंगाला उतरता सिमेंटचा कट्टा, पाणी बुडख्याशी थांबू नये म्हणून. खांबाला नारळ फोडला, हळदकुंकू लावलं.

मुंबईच्या काकांनी एनॅमलची पसरट थाळी आणली होती, वरून हिरवी, आतून पांढरी. ती नुसती शोभेची नव्हती. तापलेल्या बल्बवर पावसाचा थेंब पडला की काच फुटते. शंभरचा बल्ब लावला, आणि पडवीतलं काळं बटण आजीने दाबलं.

त्यानंतर घराची संध्याकाळ पायऱ्या उतरून खाली आली. भाताची झोडणी दिवस मावळला तरी चालू राहू लागली. वैशाखात आंब्याच्या पेट्या भरायच्या त्या खळ्यातच: पेंढा पसरायचा, फळ देठाने बघायचं, थर लावायचे, आणि रात्रीच्या ट्रकला पेट्या पाखाडीवरून वर न्यायच्या. रात्री उशिरापर्यंत रातांबे फोडले जात. गणपतीत भजनं बाहेर बसली, शिमग्यात पालखी दारात नाचली तेव्हा तिच्यातले रुप्याचे मुखवटे पहिल्यांदाच इतके लख्ख दिसले. आम्ही उजेडात आट्यापाट्यांच्या पाट्या आखल्या. पलीकडच्या घरच्या मुली अभ्यासाला आमच्या खळ्यात येऊन बसत, कारण त्यांच्याकडे अजून लाइट नव्हती. त्यातली एक पुढे शिक्षिका झाली.

पहिल्या पावसाच्या सुमारास पंखांच्या वाळव्यांचे थवे उठत, तेव्हा बल्बखाली पाण्याची परात ठेवायची. सकाळी कोंबड्यांची चंगळ.

खुंट्यांवरून चढून बल्ब बदलायचं काम वयात आलेल्या मुलाकडे सोपवलं जाई. मोठ्या चुलतभावाकडून ते माझ्याकडे आलं, माझ्याकडून धाकट्याकडे. मधल्या काळात पिवळ्या बल्बची ट्यूब झाली, ट्यूबचा सीएफएल, आता एलईडी. खांब तोच राहिला.

गेल्या मे महिन्यात मी बुडख्यावर हातोडी मारून पाहिली. कट्ट्याच्या वर वीतभर अंतरावर आवाज पोकळ येतो, आणि पेचकस बोटभर आत जातो. भाजलेला, तेल पाजलेला भाग, पण इतक्या पावसाळ्यांनंतर त्यालाही मर्यादा आहे. धाकट्याचं म्हणणं, आता जीआयचा पाइप लावू, सेन्सरचा दिवा लावू, अर्थिंग नीट केलं की भीती नाही. त्याचं चूक नाही. पण आमच्याच डोंगरात त्या पहिल्या तोडीच्या जागी फुटलेले किंजळीचे कोंब आता खांबाच्या जाडीचे झाले आहेत, वाकस चालवणारा सुतारांचा नातू गावात आहे, आणि होळी अजून खांद्यांवरच येते. परवानगीचा अर्ज मी करून ठेवला आहे. दिवाळीनंतरच्या अंधाऱ्या पंधरवड्यात सगळ्या भावंडांनी यावं असा निरोप पाठवला आहे, आणि जुन्या खांबाचा वरचा धड भाग गोठ्याच्या तुळईला पुरेल असं सुतार म्हणतो.