टोकावड्याच्या आभाळातली रेघ

नकाशावर पट्टी ठेवून मुंबई विमानतळापासून शिर्डी विमानतळापर्यंत सरळ रेघ ओढली, तर ती मुरबाड तालुक्यातून, टोकावड्याच्या थोडी उत्तरेकडून जाते. लांबी सुमारे १७२ किलोमीटर. काकडी गावातला हा विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला. विमानं काही पट्टीच्या रेघेवरून उडत नाहीत, पण अंतराचा अंदाज तेवढ्याने येतो.

एटीआरसारखं पंख्याचं विमान तासाला पाचशेच्या आसपास किलोमीटर कापतं. म्हणजे १७२ किलोमीटरला वीस-बावीस मिनिटं पुरावीत. वेळापत्रकात मात्र पाऊण तासाच्या आसपास धरावा लागतो. धावपट्टीपर्यंत सरकत जायचं, मुंबईच्या गर्दीत नंबर लागेपर्यंत थांबायचं, वर चढतोय न चढतोय तोच उतरायची तयारी. पूर्ण वेगाने उडायला उसंतच नसते. टोकावड्याच्या माणसाची तर गंमतच! त्याने आधी उलटं मुंबईला जायचं, तासभर आधी हजर राहायचं आणि मग आपल्याच गावाजवळून उडत शिर्डी गाठायची. त्यापेक्षा माळशेज चढून आळेफाट्यामार्गे गेलेलं बरं. पावसाळ्यात दरड कोसळली नाही, तर.

हा कल्याणचा रस्ता फार जुना. टोकावड्याच्या पुढे वैशाखरे, तिथून नाणेघाटाची पायवाट जुन्नरकडे चढते. सातवाहनांच्या काळापासून कल्याण बंदराचा माल या वाटेने घाटावर जाई. व्यापारी अंतर मोजत ते मजलांनी. ‘मजल दरमजल’ हा आपला मराठी शब्दप्रयोग, आणि त्यातली ‘मजल’ म्हणजे अरबी ‘मंज़िल’.

फिक्हनेही सफरचं माप याच हिशेबाने ठरवलं. हनफी मसलकात मूळ माप तीन दिवसांच्या चालीचं, शाफई मसलकात दोन मरहल्यांचं. आपल्याकडचे बरेच हनफी उलमा ते ४८ मैल, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटर धरतात. बरेलवी उलमा ९२ किलोमीटर सांगतात. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, त्यांच्यात सुमारे ८१ किलोमीटरचा हिशेब चालतो. एवढं अंतर गाठायच्या इराद्याने निघालेला माणूस वस्ती ओलांडली की मुसाफिर होतो. मग जोहर, असर आणि इशाच्या चार फर्ज रकातींच्या दोन होतात. फजर आणि मगरिब तशाच राहतात.

विमानाने चाळीस मिनिटांत पोहोचलो, थकवा नाही, मग कसला सफर, असं तरुण मुलं विचारतात. उत्तर जुन्या किताबांतच आहे: माप अंतराचं, वेळेचं नाही. ते अंतर कोणी तासाभरात कापलं तरी तो मुसाफिरच. उलट टोकावड्याहून कल्याणच्या बाजाराला निघून वाहतुकीत दोन तास अडकलेला माणूस कितीही दमला, तरी मुसाफिर नाही. ते अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपासच भरतं.

म्हणून मुरबाडला जोहरसाठी थांबलेल्या दोघांची नमाज वेगळी असू शकते. कल्याणला कापड आणायला निघालेला चार रकाती पढेल. उमऱ्याचं विमान धरायला निघालेली त्याचीच शेजारीण, अजून गावापासून वीसच किलोमीटर आलेली, दोन पढेल. मात्र स्थानिक इमामाच्या मागे जमातीत उभी राहिली, तर तिलाही चार पूर्ण कराव्या लागतील.