स्पेसिमेन सही

खरा खातेदार कोण, हे ओळखण्याचा पगार मी गेली वीस वर्षं घेतो आहे. स्पेसिमेन सही समोर असली की जोशी कोण आणि जोश्यांची सही मारणारे त्यांचे चिरंजीव कोण, हे मी चहा पिता पिता सांगतो. पण आमच्या शाखेचे एक ऊसवाले खातेदार, पाटील, यांनी परवा काउंटरवर पोस्टकार्डाएवढा एक पुठ्ठा ठेवला आणि म्हणाले, "साहेब, यात वीस हजार गांधीलमाश्या आहेत." मी खुर्चीसकट मागे सरकलो.

ते निघालं ट्रायकोकार्ड. तांदळातल्या पतंगाची अंडी पुठ्ठ्यावर चिकटवलेली आणि त्या अंड्यांत वाढणारी ट्रायकोग्रामा. ही माशी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. डंखाची भीतीच नको. बाहेर पडली की ती उसावरच्या किडीची अंडी हुडकते आणि त्यांत आपली अंडी घालते. कीड जन्मायच्या आतच खलास! फवारणीचा खर्च वाचला.

पण हिचं केवायसी करायचं कसं? जगात हिच्या दोनशेहून अधिक जाती. रंग पाहावा, तर तो हवामानाप्रमाणे बदलतो. अंगलट पाहावी, तर ती ज्या अंड्यात वाढली त्याच्या ऐपतीप्रमाणे. शेवटी बंगलोरच्या सुधा नगरकट्टी आणि एच. नागराज यांनी 1971 साली दाखवून दिलं की भरवशाची खूण म्हणजे नराचं (कसं लिहू?) जननेंद्रिय. म्हणजे शेतातलं काम सगळं मादीनं करायचं आणि कागदावर सही मात्र नवऱ्याची! हे मी घरी सांगितलं, तर सौ. म्हणाली, "यात नवीन काय?"

त्यातही काही वंशांत व्होल्बाकिया नावाच्या जिवाणूमुळे नुसत्या मुलीच होतात. मग शास्त्रज्ञ त्यांना मधातून अँटिबायोटिक चाटवतात, तेव्हा कुठे घराण्यात मुलगा होतो. हल्ली डीएनए तपासून काम भागतं म्हणा, पण ती तपासणी काही पाटलांच्या बांधावर होत नाही.

आणि जातीला महत्त्व आहे, बरं का! उसाच्या खोडकिडीला चिलोनिस लागते, शेंडेकिडीला जॅपोनिकम. पाटलांच्या पुठ्ठ्यावर 'चिलोनिस' असं छापलेलं आहे. छापण्याआधी कुणीतरी एखादा नर काचपट्टीवर उताणा पाडून नीट पाहिला असेल, अशी मी आशा करतो. कारण जात चुकली की ऊस पोखरला जाणार, ऊस गेला की पाटलांचा हप्ता थकणार, आणि थकलेल्या हप्त्याची नोटीस टाइप करायची ती मीच.